काटा आणि मैलाचा दगड

मुंबईतले ऑपेरा हाऊस म्हटले की रसिकांना नाटक-संगीत आठवत असेल. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्‌घाटन झालेले, १९९३ मध्ये बंद पडलेले आणि २०१६ मध्ये पुन्हा नटून-थटून उभे राहिलेले ते नाट्यगृह. पण ज्याच्या दारात जुनी मोटार उभी आहे, त्या माणसाला ऑपेरा हाऊस म्हटले की क्लचप्लेट आठवते. आजूबाजूच्या रस्त्यांवर, विशेषतः मामा परमानंद मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या न्यू क्वीन्स रोडवर, मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. फळीवर फळी चढलेली, वर माळा, माळ्यावर एक पोरगा; खालून शेठने नुसता आकडा ओरडावा आणि वरून खोके नेमके हातात पडावे! मामा परमानंद हे एकोणिसाव्या शतकातले मोठे सुधारक. समाजाचे सुटे झालेले भाग जोडण्याची त्यांना तळमळ होती. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर गास्केट आणि बेअरिंगे विकली जावीत, हेही एका परीने बरोबरच म्हणायचे.

या बाजारात सगळे मिळते, पण एक वस्तू मिळत नाही. ती म्हणजे जुन्या स्पीडोमीटरची दुरुस्ती. नवा मीटर मिळतो, कुठल्याही गाडीला बसणारा मिळतो, दिव्यांच्या आकड्यांचा मिळतो. पण तुमचाच जुना मीटर पुन्हा बोलता करून द्या म्हटले, की शेठ चष्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, “साहेब, काट्याशिवाय गाडी चालत नाही का?”

चालते की. डोळे मिटून देवळाला प्रदक्षिणाही घालता येते. पण आमची गाडी १९५६ सालची फियाट, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. पुढची दारे उलटी उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असणारी आणि नाकाडाच्या ठेवणीमुळे सबंध मुंबईने ‘डुक्कर फियाट’ असे लाडके नाव दिलेली. ती मामांची. आज मामा नाहीत, गाडी आहे आणि गाडीबरोबर आलेल्या पेट्रोलच्या वह्या आहेत. मामा प्रत्येक वेळी पेट्रोल भरले की तारीख, मीटरवरचे मैल, गॅलन (पुढे लिटर) आणि जोडीला एखादा शब्द लिहीत. ‘लोणावळे, पाऊस.’ ‘मुलीचे बारसे.’ ‘ब्रेक आवळले.’ मीटरवर पाचच आकडे. ९९,९९९ नंतर पुन्हा सगळी शून्ये. तो दिवस १९७१ साली पनवेलच्या अलीकडे उजाडला आणि त्या दिवशीच्या ओळीत मामांनी ‘पुनश्च हरिओम’ एवढेच लिहिले आहे. अशा गाडीचा मीटर बंद पडणे म्हणजे वहीचे पुढचे पान कोरे राहणे. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही गाडीत स्पीडोमीटर हवा असतो. तेव्हा कायदा आणि मामा अशा दोन्ही वडीलधाऱ्यांचे मत एकच होते.

आमच्या मीटरला दुखणे जडले ते एकदम नव्हे. आधी काटा थरथरू लागला. गाडी शहाण्यासारखी तिसाने जात असावी आणि काटा वीस ते पन्नासच्या दरम्यान दहीहंडीच्या गोविंदासारखा खालीवर करीत असावा. मग डॅशबोर्डाच्या मागून टिकटिक ऐकू येऊ लागली. शेवटी एका सकाळी काटा उजव्या टोकाला जाऊन चिकटला तो चिकटलाच. गाडी सिग्नलला उभी आणि मीटर सांगतोय की आपण विमानाच्या मागे लागलो आहोत! मैलांचे आकडे मात्र इमानाने पुढे सरकत होते.

रोग्याची लक्षणे वैद्याला नीट सांगावीत, म्हणून ती इतकी तपशिलाने सांगितली. कारण जुन्या मीटरात लक्षणांवरूनच निम्मे निदान होते. काटा आणि आकडे दोन्ही मेले, तर केबल तुटलेली किंवा गिअरबॉक्सजवळचे चाक झिजलेले. काटा मेला आणि आकडे जिवंत, तर दोष मीटरच्या पोटात, काट्याच्या बाजूला. काटा जिवंत आणि आकडे मेले, तर आकड्यांची दातेरी चाके गेली. काटा थरथरतो, तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी मुरडली आहे. आणि काटा टोकाला जाऊन बसला, तर पोटात तेल-ग्रीस शिरले आहे. हे सगळे ज्ञान आम्हाला पुढे झाले. त्याआधी चोरबाजाराची यात्रा घडली.

ऑपेरा हाऊसहून चोरबाजार फार दूर नाही. मटन स्ट्रीटच्या आसपास जुन्या ग्रामोफोनांच्या कर्ण्यांपासून जहाजांच्या कंदिलांपर्यंत सर्व काही मांडलेले. आणि बाजूच्या गल्ल्यांत मोडलेल्या मोटारींचे अवयव. एका दुकानात जुन्या मीटरांचा ढीगच होता. गोल, चौकोनी, पंख्याच्या आकाराचे. तो ढीग पाहून आम्ही क्षणभर उभेच राहिलो. प्रत्येक मीटर कुठल्यातरी आकड्यावर थांबलेला. ४१,२०७. ८८,९१३. ०६,५५०. कुणाची तरी गाडी त्या मैलापर्यंत गेली आणि मग गेली नाही. मोटारीच्या हयातीचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

आमच्या मनातले हे विचार दुकानदाराला कळण्याचे कारण नव्हते. त्याने एक मीटर उचलला, बाहीने पुसला आणि विचारले, “कोणता आकडा पाहिजे? वीस हजार लावून देऊ? गाडीला भाव चांगला येईल.”

इतक्या सहजपणे, की वाण्याने गूळ पिवळा हवा की लाल असे विचारावे. आम्ही नमस्कार करून निघालो. पण गल्लीच्या तोंडाशी भजी तळणाऱ्या एका म्हाताऱ्याने, आम्हाला मीटरांच्या ढिगाशी घुटमळताना पाहून, आपण होऊन पत्ता सांगितला : ग्रँट रोडच्या बाजूला एका चाळीच्या जिन्याखाली टॅक्सीचे मीटर दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसतात. बसतात म्हणजे अजून बसतात.

टॅक्सीचे मीटर! नव्या पिढीला ते आठवायचे नाहीत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डाव्या अंगाला, बाहेरच, लोखंडी डब्यासारखा मीटर असे. ड्रायव्हरने हात बाहेर काढून त्याची दांडी फिरवायची आणि खण्ण आवाज झाला की पैसे सुरू. त्या मीटरालाही गिअरबॉक्सकडून केबलच येई. २०१२ च्या सुमारास मुंबईत इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि ते डबे भंगारात गेले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर फियाटच्या वंशातल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वीस वर्षांची मुदत संपली. जिन्याखालच्या मिस्त्रींचे गिऱ्हाईक असे दोनदा गेले. पहिल्यांदा मीटर गेला, मग गाडीच गेली.

मिस्त्री मूळचे संगमेश्वराकडचे, वय सत्तरीच्या पुढे. टेबल शाळेतल्या बाकाएवढे. त्यावर घड्याळजीचे भिंग, चिमटे, रॉकेलची वाटी, शिलाईच्या मशीनची एक मोटर आणि तिच्या टोकाला फेरे मोजणारे छोटे यंत्र. भिंतीला खिळ्यावर वह्या. आम्ही दुखणे सांगू लागलो तसा त्यांनी हात वर केला.

“आधी केबल सोडा. मीटरला नंतर हात लावू. दहातले सात मीटर केबलीपायी बदनाम होतात.”

केबल म्हणजे काय हे त्यांनी गाडीखाली वाकून दाखविले. गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला एक लहान दातेरी चाक असते. चाके फिरतात त्या प्रमाणात ते फिरते आणि आपला फिर एका लवचिक दोरीला देते. ही दोरी पोलादी तारांची. तारेवर तार, थरावर थर, आणि प्रत्येक थर आधीच्या उलट्या दिशेने गुंडाळलेला. म्हणून ती वाकते, पण पीळ सुटत नाही. बाहेरून तिला नळीचा अंगरखा. दोरीचे चौकोनी टोक मीटरच्या पाठीत जाऊन बसते. मिस्त्रींनी आतली दोरी नळीतून ओढून काढली, टेबलाच्या कडेवरून खाली सोडली आणि दोन बोटांनी हळूहळू फिरवली. खालचे टोक थोडा वेळ स्वस्थ राही आणि मग एकदम टुणकन उडी मारून फिरे.

“ही बघा मुरड. इथे अडकते, पीळ साठवते, मग सोडते. काटा बिचारा काय करणार? त्याला जसा धक्का मिळतो तसा तो नाचतो.”

कारणही सापडले. मधल्या काळात कुणीतरी गाडीत रेडिओ बसविला होता आणि जागा करण्यासाठी केबलला काटकोनात वळवून टाकले होते. तिच्या अंगात भलतेच वळण आले ते असे. दुसरा पुरावा नळीच्या वरच्या टोकाशी होता. तिथे ग्रीस असे भरलेले, की लग्नात नवरदेवाला हळद लावावी. कुठल्याशा गॅरेजात टिकटिक थांबविण्यासाठी हा उपाय झाला होता.

“ग्रीस खालीच राहते असे लोकांना वाटते,” मिस्त्री म्हणाले. “पण ही दोरी म्हणजे मळसूत्र. फिरता फिरता ग्रीस वर चढवते. चढता चढता मीटरच्या पोटात. म्हणून बोटांवर घेऊन पातळ हात फिरवायचा, आणि वरची वीतभर दोरी कोरडी ठेवायची.”

मीटर उघडण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. खिळ्यावरची वही काढली, तारीख घातली, मीटरवरचे पाचही आकडे लिहिले आणि माझ्यापुढे सहीसाठी सरकवली. मग विचारले,

“आकडा हाच ठेवायचा ना? विचारून घेतो. काही लोकांना कमी हवा असतो.”

“हाच.”

“मग बरे,” एवढेच म्हणून त्यांनी भिंग डोळ्याला लावले.

मीटराची काच धरून ठेवणारे पातळ पत्र्याचे कडे असते. त्याची काठ मागे दुमडलेली. ती बोथट पात्याने एकेक तसूभर उचलत जावी लागते. घाई केली की कडे वाकडे आणि वाकडे झालेले कडे जन्मात सरळ होत नाही. या कामाला पाऊण तास गेला. तेवढ्यात दोन चहा झाले आणि मिस्त्रींनी आणखी एक इशारा दिला. फार जुन्या काही मीटरांच्या काट्यांना आणि आकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. तो कधी खरवडू नये, त्याची पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये.

मीटर उघडला आणि मला वाटले होते त्याहून तो कितीतरी साधा निघाला. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक फिरतो. त्याच्यावर अॅल्युमिनियमची एक वाटी उपडी घातलेली आहे. वाटीला चुंबक शिवत नाही; मध्ये हवेची बारीक फट. अॅल्युमिनियमला चुंबक ओढीत नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत. पण तोच चुंबक फिरू लागला की वाटीच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचे स्वतःचे चुंबकत्व निर्माण होते आणि वाटी चुंबकामागून फिरायला बघते. चुंबक जितका जोरात तितकी ओढ जास्त. मात्र वाटीला एक केसासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचून धरते. ही ओढ आणि ती खेच जिथे समसमान होतात तिथे वाटी थांबते, आणि वाटीच्या दांडीवर बसविलेला काटा आपल्याला सांगतो, तीस मैल!

म्हणजे आपण ज्याला वेग मोजणे म्हणतो ते खरे म्हणजे एका न शिवणाऱ्या ओढीचे आणि एका केसाएवढ्या स्प्रिंगचे भांडण आहे. फिरत्या तांब्याच्या चकतीमागून चुंबकसुई फिरते हे फ्रान्सच्या आरागोने १८२४ साली पाहिले होते. तसे का होते याचा उलगडा फॅरडेने १८३१ मध्ये केला. आणि त्या तत्त्वावर मोटारीचा स्पीडोमीटर रचून १९०२ साली त्याचे पेटंट घेतले जर्मनीच्या ओटो शुल्झेने. तेव्हापासून विजेच्या मीटरांचे युग येईपर्यंत, जगातल्या बहुतेक मोटारींचे काटे याच वाटीवर डोलत आले.

आमच्या वाटीत आणि चुंबकात ती हवेची फट राहिलीच नव्हती. ग्रीसने दोघांची गाठ घालून दिली होती. चुंबक फिरला की वाटी त्याच्याबरोबर बांधल्यासारखी फिरे, काटा टोकाला जाऊन आपटे आणि चिकटून बसे. मिस्त्रींनी काट्याची विश्रांतीची जागा पेन्सिलीने खुणेने नोंदवली, मग काटा काढला, वाटी काढली आणि सर्व काही रॉकेलमध्ये नहाऊ घातले. स्प्रिंगला मात्र हात लावला नाही. “ही एकदा बिघडली की मग नशीब,” ते म्हणाले. मऊ ब्रशने धुणे, वाळविणे, घड्याळाच्या तेलाचा अर्धा थेंब, तोही टाचणीच्या टोकाने. दुसऱ्या दिवशी या.

दुसऱ्या दिवशी मैलांच्या आकड्यांची बाजू पाहिली. तिथे सारा कारभार दातेरी चाकांचा. वेगाशी त्यांना कर्तव्य नाही. केबलचे अमुक इतके फेरे झाले की शेवटचे चक्र एक घर पुढे, ते दहा घरे गेले की शेजारच्याला एक ढकला. ही युक्ती मोटारीहून फार जुनी आहे. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी अशा एका रथाचे वर्णन लिहून ठेवले आहे : चार फूट व्यासाचे चाक, त्याचे ४०० फेरे झाले की ५,००० फुटांचा रोमन मैल भरला, आणि दर मैलाला वरच्या खणातून एक खडा खालच्या भांड्यात टण्‌कन पडायचा. प्रवासाअखेर खडे मोजायचे. मामांच्या वहीचा आद्य पूर्वज तोच!

तेव्हा ज्याला आपण एक मीटर म्हणतो त्यात दोन अगदी भिन्न स्वभावांचे शेजारी राहतात. काटा क्षणजीवी, गाडी थांबली की त्याला मागचे काही आठवत नाही. आकडे काहीच विसरत नाहीत. आणि चोरबाजारात ज्याचा भाव होतो तो या न विसरणाऱ्याचाच. काटा खोटा बोलला तर फार तर एखादा दंड बसेल. आकडा मागे फिरवला तर गाडी घेणाऱ्याची आणि त्या गाडीवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांचीही फसवणूक होते.

मीटर बंद करण्यापूर्वी मिस्त्रींनी आम्हाला गाडीसह गल्लीत बोलाविले. त्यांच्या हातात मोजपट्टी, खडू आणि पुठ्ठ्याचा एक बाण. आता यांना काय सुचले ते कळेना. त्यांनी गल्लीत खडूने दोन रेघा मारल्या, मध्ये अंतर बरोबर ८८ फूट. नवी केबल गाडीत बसविली होती. तिच्या वरच्या मोकळ्या टोकाला बाण खोवला. माझा भाचा आत बसला, दोन पोरांनी गाडी एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत ढकलली आणि भाच्याने बाणाचे फेरे मोजले. तीनदा ढकलली, तीनदा मोजले.

“५,२८० फुटांचा मैल,” मिस्त्री म्हणाले, “त्याचा साठावा हिस्सा ८८ फूट. फेरे गुणिले साठ, की मैलाचे फेरे आले.”

अमेरिकन मोटारींत मैलाला हजार फेरे हा ठरलेला हिशेब असतो. आमच्या मीटरचा आकडा वेगळा, तो त्यांच्या वहीत होता. गुणाकार झाला. मोजून आलेले फेरे वहीतल्यापेक्षा शंभरामागे तीनने जास्त निघाले. मिस्त्री गाडीला एक फेरी मारून आले आणि टायरवर टिचकी मारून म्हणाले, “टायर मूळचे नाहीत. हे रेडियल, जरा ठेंगणे. ठेंगण्या माणसाला तेवढ्याच वाटेला पावले जास्त पडतात. मीटर मी सरळ लावून देतो. पण रस्त्यावर तो शंभराला तीन जास्त सांगेल. हे बघून मला कळवा.”

त्यांनी शिलाई मशीनच्या मोटरीवर मीटर लावला, फेऱ्यांच्या यंत्राशी ताडून काटा दहा, तीस, पन्नासला जुळविला, कडे पुन्हा दाबून बसविले. कबूल केलेल्या मजुरीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही. निघताना विचारले, तुमच्यामागे हे काम कोण करणार? त्यांनी खिळ्यावरच्या वह्यांकडे पाहिले. “वह्या आहेत. कोणी आला तर वाचील.”

‘बघून कळवा’ म्हटल्यावर बघणे आलेच. मीटर टेबलावर बरोबर असून भागत नाही. तो रस्त्यावर बरोबर ठरावा लागतो. म्हणून पुढच्या रविवारी पहाटे भाच्याला घेऊन आम्ही पुण्याच्या वाटेला लागलो, जुन्या रस्त्याने.

प्रारंभ मुद्दाम फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून केला. १७१८ सालचे हे देऊळ. किल्ल्याच्या ज्या वेशीतून इथे येत तीच चर्चगेट. एके काळी मुंबईचे शून्य इथे होते. इथून निघणाऱ्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मैलाचे दगड रोवले. त्यांवर रोमन आकडे आणि ‘सेंट थॉमसच्या चर्चपासून इतके मैल’ अशी अक्षरे. पुढे रस्ते उंच होत गेले, फुटपाथ चढत गेले आणि हे दगड गळ्यापर्यंत बुडाले. काही चहाच्या टपऱ्यांना टेकू झाले, काहींवर शेंदूर चढला. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने त्यांतले काही उकरून, धुऊन, नीट उभे केले आहेत. दादरच्या बाजूला डॉ. आंबेडकर मार्गावर असा एक भेटतो. त्याच्यासमोर गाडी उभी केली. मैलांचाच मीटर असलेली गाडी आणि मैलांचाच दगड; दोघे एका भाषेतले. पण दोनशे वर्षांच्या उचकाउचकीनंतर त्याच्या जागेची साक्ष काढणे बरे नव्हे. आजोबांना नमस्कार करावा, हिशेब मात्र नातवाशी करावा.

नातू म्हणजे किलोमीटरचे दगड. योगायोग असा, की गाडी घेतली त्याच १९५६ सालाच्या अखेरीस आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा झाला. पुढच्या एप्रिलात नवे पैसे आले आणि काही वर्षांतच रस्त्यांवरून मैल निघून गेले. मामांनी नवी कोरी गाडी घरी आणली तेव्हाच तिची भाषा जुनी होऊ घातली होती. १.६०९ने गुणायचे किंवा भागायचे, हा आमच्या घराचा मुखोद्गत पाढा आहे.

पनवेल सोडल्यावर खोपोलीपर्यंतचा जुना रस्ता बराचसा सपाट. हल्ली गर्दी बाजूच्या द्रुतगती मार्गाने धावते, त्यामुळे इथे पहाटे शांतता. शेते, आंब्याची झाडे, समोर सह्याद्रीची निळी भिंत. पिवळ्या माथ्याचे दगड एकामागून एक येत होते. एका दगडाशी आकडा लिहून घेतला. मीटरचे शेवटचे चक्र सावकाश सरकते, त्यामुळे दशांश डोळ्याने टिपता येतो. भाच्याने सेकंद मोजायला घड्याळ धरले आणि मांडीवर फोन, त्यावर उपग्रहाचा वेग.

काटा तिसावर आणला. काय सांगू! तो असा स्थिर, जणू रांगोळीत काढलेला. तीस मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. दगड ते दगड ७५ सेकंद लागायला हवे. भाचा म्हणाला, “सत्त्याहत्तर.” फोन म्हणत होता ४७. वीस दगड मोजून झाले. वीस किलोमीटर म्हणजे १२.४३ मैल, मीटरवर भरले १२ आणि वर चार पंचमांश. रस्त्याकडेला गाडी घेऊन कागदावर भागाकार केला. शंभराला तीन! जिन्याखाली बसून, ८८ फुटांच्या गल्लीत, पुठ्ठ्याच्या बाणावर मिस्त्रींनी जे सांगितले तेच उपग्रहाने आणि वीस दगडांनी एकमुखाने सांगितले. भाचा फोनकडे बघायचे सोडून मीटरकडे बघू लागला, ही त्या दिवसाची मोठी कमाई.

खोपोलीनंतर घाट. १८३० साली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत गाड्यांसाठी खुला झालेला हा बोरघाटाचा रस्ता. दुसऱ्या गिअरात, इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून चढायचे. इथे काट्याचे काम थोडे, ड्रायव्हरच्या तळपायाचे फार. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणे टाकले. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखविली आणि त्या बदल्यात त्याचे प्राण गेले, असे सांगतात. तेव्हापासून जुन्या रस्त्याने जाणारा ड्रायव्हर त्याला पैसा वाहिल्याशिवाय पुढे जात नाही. मला वाटते, वाट मोजणाऱ्यांची नावे दगडांवर येतात. वाट ज्याने पहिल्यांदा पाहिली तो मात्र रस्त्याकडेला देव होऊन बसतो. पुढे घाटात काही अंतर जुना आणि नवा रस्ता एक होतात. तिथे अमृतांजन पूल होता. मामांच्या वहीत तो तीनदा आला आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडला. मीटरवर जसे मैल साठतात तशी ठिकाणे साठवून ठेवता आली असती तर!

वर लोणावळ्यात धुके होते. गाडी सावलीत लावून बॉनेट उघडले, इंजिनाला श्वास घेऊ दिला. मिस्त्रींना तिथूनच फोन केला. “शंभराला तीन?” त्यांनी विचारले. “तीनच.” पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही, मग म्हणाले, “वहीत लिहितो. वर्षातून एकदा दोरी काढून पुसा. वरची वीत कोरडी.”

मग पेट्रोल भरले आणि मामांची शेवटची वही काढली. त्यांच्या अक्षरातल्या अखेरच्या ओळीखाली तारीख घातली, मीटरवरचे पाच आकडे घातले, लिटर घातले. शेवटच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करीत होतो. तेवढ्यात भाच्याने पेन घेतले आणि लिहिले : ‘लोणावळे, धुके. मीटर खरा, टायर ठेंगणे. वजा तीन.’